ठाणे-नवी मुंबईतून मालिका-सिनेमात जायचंय? पहिला दिवस कसा मिळवायचा आणि पुढचे कसे टिकवायचे

दरवर्षी बारावीचा रिझल्ट लागला की आमच्या कळव्याच्या सोसायटीत कोणाची तरी आई मला जिन्यात थांबवते आणि विचारते, अगं आमची ही अॅक्टिंग करायची म्हणते, कुठे पाठवायचं, कोणाला भेटायचं, किती पैसे लागतात. जिन्यात उभं राहून पाच मिनिटांत सांगून होण्यासारखं हे नाहीये म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. मी बारा वर्षं मालिकांमधे आहे, आधी असिस्टंट म्हणून आणि आता एपिसोड डायरेक्टर म्हणून, मधे दोन वर्षं ऑडिशन्स देऊन छोटे रोलही केलेत, त्यामुळे कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजू माहितीयेत.

आधी एक समजून घ्या, या लाइनमधे सगळं "दिवसा"वर चालतं. मानधन दिवसाचं ठरतं, रोल सांगताना "दोन दिवसांचं काम आहे" असंच सांगतात, आणि तुम्हाला कामावर घेणारा माणूस मनातल्या मनात हेच मोजत असतो की हिने सेटवर किती दिवस काढलेत. नाटकात त्याच जागी "नाइट" असते, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे. त्यामुळे पुढे जे सांगतेय ते सगळं दिवस मिळवणं आणि मिळालेले दिवस सांभाळणं याबद्दलच आहे.

पायरी पहिली: नक्की काय करायचंय ते स्टेजवर जाऊन शोधा

घरी आरशासमोर उभं राहून आपण नट आहोत, डायरेक्टर आहोत की एडिटर आहोत हे कळत नाही, माणसांच्यात जाऊन कळतं. आणि त्यासाठी ठाण्यासारखी जागा नाही, गडकरी रंगायतन १९७८ पासून तलावपाळीच्या काठावर आहे, हिरानंदानी मेडोजला घाणेकर नाट्यगृह आहे, वाशीला विष्णुदास भावे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले, कल्याणला अत्रे. कॉलेजला असाल तर पहिल्याच वर्षी नाटकाच्या ग्रुपमधे शिरा. मुंबई विद्यापीठाचा युथ फेस्टिवल, एकांकिका स्पर्धा, आणि कॉलेज संपलं असेल तर सांस्कृतिक संचालनालयाची हौशी राज्य नाट्य स्पर्धा. २५ जानेवारीच्या रात्री सवाई एकांकिका होते, तिथे वर्षभरात वेगवेगळ्या स्पर्धांमधे पहिल्या आलेल्या एकांकिकाच उतरतात, ती रात्र एकदा तरी जागून बघाच, आपल्या वयाची मुलं कुठल्या लेव्हलचं काम करतायत ते एका रात्रीत कळतं.

ग्रुपमधे गेलात की रोल मिळेलच असं नाही आणि नाही मिळाला तर सोडून जाऊ नका. मी पहिलं वर्षभर फक्त म्युझिक ऑपरेट करायचे. एकच एकांकिका, चाळीस मिनिटांची, साठेक वेळा विंगेतून बघितली. कोणत्या वाक्यावर हशा येतो, तो कधी येत नाही, नट अर्धा सेकंद आधी वळला तर प्रसंग कसा पडतो हे मला कुठल्या क्लासने शिकवलं नसतं. आणि तिथेच कळलं की मला टाळ्यांपेक्षा हे असं का होतं ते शोधण्यात जास्त मजा येते. नेपथ्य, प्रॉपर्टी, लाइट्स, मिळेल ते करा, नंतर सेटवर तेच उपयोगी पडतं.

शिकायचं असेल तर

बारावीनंतर लगेच ग्रॅज्युएशन सोडू नका, हे मी आईबाबांच्या बाजूने बोलत नाहीये, साधं कारण आहे की दिल्लीची नॅशनल स्कूल ऑफ ड्रामा म्हणजे एनएसडी (१९५९) आणि पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट म्हणजे एफटीआयआय (१९६०) इथल्या मोठ्या कोर्सेसना ग्रॅज्युएशन लागतंच. एफटीआयआयला अॅक्टिंग दोन वर्षांचं आणि डायरेक्शन, सिनेमॅटोग्राफी, एडिटिंग, साउंड असे फिल्मचे कोर्स तीन वर्षांचे. कोलकात्याला सत्यजित राय यांच्या नावाची संस्था आहे. घरात राहून करायचं तर मुंबई विद्यापीठाची अॅकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स कालिन्याला आहे, कळवा-ठाण्याहून कुर्ल्याला उतरून जाता येतं. पुण्याला ललित कला केंद्र. या सरकारी जागांची फी आणि प्रायव्हेट संस्थांची फी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, त्यामुळे आधी इथली एंट्रन्स द्या, एकदा नाही झालं तर परत द्या.

खाजगी क्लास लावणार असाल तर दोनच प्रश्न विचारा. शिकवणारा स्वतः आत्ता कुठे काम करतोय, आणि फी भरायच्या आधी एक दिवस बसून बघता येईल का. जो क्लास "कोर्स संपला की मालिकेत काम देतो" असं सांगतो तिथून सरळ बाहेर पडा, काम देणं क्लासवाल्याच्या हातात नसतंच, ते प्रॉडक्शन आणि चॅनेल मिळून ठरवतात.

पायरी दुसरी: ऑडिशन, आणि तिच्यासाठी एक रुपयाही द्यायचा नाही

हा भाग नीट वाचा कारण इथेच सगळ्यात जास्त मुलं फसतात. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. रजिस्ट्रेशन फी नसते, "आर्टिस्ट कार्ड काढावं लागेल" असं सांगून चार-पाच हजार मागतात ते खोटं आहे, आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करा हे पण खोटं. नटांची संघटना सिंटा आहे, तिचं सदस्यत्व तिच्या ऑफिसमधून रीतसर मिळतं आणि ते काम सुरू झाल्यावर बघायची गोष्ट आहे, ऑडिशनच्या दारात कोणी ते मागत नाही. कोऑर्डिनेटर काम मिळवून देतो तेव्हा मिळालेल्या मानधनातून त्याचं कमिशन घेतो, हे चालतं, पण ते काम झाल्यावर आणि पैसे हातात आल्यावर. कामाच्या आधी पैसे मागणारा माणूस कितीही मोठी नावं घेत असू दे, नंबर ब्लॉक करा.

सुरुवातीला एवढंच लागतं: दिवसाच्या उजेडात, मेकअप न करता मोबाइलवर काढलेले चार-पाच फोटो, एक समोरून, दोन बाजूंनी, एक पूर्ण उभा, एक हसतानाचा. साडी किंवा कुर्त्यातला एक घाला कारण मराठी मालिकांना तो लागतोच. फिल्टर लावू नका, कास्टिंगवाल्याला तुम्ही खरे कसे दिसता ते बघायचं असतं आणि फोटोतली मुलगी आणि समोर आलेली मुलगी वेगळी निघाली की तिला परत बोलावत नाहीत.

आणि एक इंट्रो व्हिडिओ. आता बहुतेक ठिकाणी आधी घरून व्हिडिओ मागवतात. मोबाइल आडवा धरा, मागे साधी भिंत, तोंड खिडकीकडे, म्हणजे उजेड चेहऱ्यावर पडेल. पंखा बंद. दुपारी दोन-अडीचला करा, तेव्हा बिल्डिंगमधे कुकरच्या शिट्ट्या आणि भाजीवाले दोन्ही थांबलेले असतात. नाव, वय, उंची, कुठे राहता, कुठल्या भाषा येतात, काय काम केलंय, मग डावी-उजवी बाजू दाखवा, हात दाखवा, संपलं. मालवणी, आगरी, वऱ्हाडी, अहिराणी, घरात जी बोली बोलता ती आवर्जून सांगा, आगरी येणारी दिवा-ऐरोलीकडची मुलं ही गोष्ट लपवतात आणि तीच त्यांची जमेची बाजू असते. सीन पाठवायचा असेल तर समोरच्या पात्राचे डायलॉग वाचायला कोणाला तरी मोबाइलच्या अगदी शेजारी बसवा, नजर लेन्सच्या बाजूला राहते. आई वाचत असेल तर तिला सांगा हळू आवाजात वाच, नाहीतर व्हिडिओत तिचाच आवाज मोठा येतो.

प्रत्यक्ष ऑडिशन्स जास्त करून अंधेरी वेस्टला, आराम नगर आणि आजूबाजूला. ठाण्याहून घाटकोपर, तिथून मेट्रोने वर्सोवा, पुढे रिक्षा. २०१४ ला मेट्रो सुरू व्हायच्या आधी यात अर्धा दिवस जायचा. एका दिवशी एकच ठरवून जाऊ नका, गेलात की तीन-चार ठिकाणी जाऊन या. बाहेर पाटीवर काय हवंय ते लिहिलेलं असतं, वय, दिसणं, भाषा, आणि आतून "नॉट फिट" असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ एवढाच की या रोलसाठी जो चेहरा ठरलाय तो तुमचा नाहीये. मला हे मनाला लावून न घ्यायला खूप वेळ लागला. आता मी टेबलाच्या या बाजूला बसते तेव्हा रोज बघते, चांगलं काम केलेली मुलगी फक्त हिरोइनपेक्षा उंच आहे म्हणून बहिणीच्या रोलला जात नाही.

मुलींसाठी वेगळं सांगते. ऑडिशन दिवसा, ऑफिसमधे किंवा स्टुडिओत होते. हॉटेलवर, फ्लॅटवर, रात्री, "सरांना एकटी भेट" असलं काहीही आलं की जायचं नाही आणि घरी सांगायचं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सेटलाही लागू आहे, प्रॉडक्शन हाउसला अंतर्गत समिती असायला हवी, आणि ती नसेल तर जिल्ह्याच्या पातळीवर स्थानिक समिती असते, तिथे तक्रार करता येते.

लहान मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांनाही नियम माहीत असू देत. मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते आणि मिळालेल्या पैशांतले किमान २० टक्के मुलाच्या नावावर फिक्स डिपॉझिटमधे ठेवायचे असतात. मागा हे, मागायला लाजू नका, बारा-बारा तास पेंगणारी पोरं मी सेटवर बघितलीयेत.

पायरी तिसरी: असिस्टंट म्हणून शिरायचं असेल तर

डायरेक्टर व्हायचंय त्यांच्यासाठी माझ्या मते डेली सोपसारखी शाळा नाही. लोक नाकं मुरडतात, पण साधारण बावीस मिनिटांचा एपिसोड जवळपास रोज उभा करायचा, पाऊस असो, नट आजारी असो, गायमुखच्या घाटात अर्धं युनिट अडकलेलं असो. ठाण्याच्या पोरांना एक फायदा आहे, घोडबंदर रोड, काशीमिरा, पलीकडे नायगाव इथे मालिकांचे सेट आहेत आणि युनिटला जवळ राहणारा असिस्टंट हवाच असतो. गोरेगावची फिल्मसिटी (१९७७) सुद्धा घोडबंदरने किंवा पवईच्या रस्त्याने गाठता येते. नवी मुंबईवाल्यांना ट्रान्स-हार्बरने ठाणं गाठून पुढे जावं लागतं, सात वाजताचा कॉल (सेटवर पोचायची वेळ) असला की पहाटेची पहिली गाडी पकडायची तयारी ठेवा.

सुरुवात होते क्लॅप, म्हणजे शॉटच्या आधी पाटी देणं, आणि कंटिन्युइटीपासून. कंटिन्युइटी म्हणजे काय ते एकदा नीट सांगते. एक सीन आधी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण घेतात, तो मास्टर, मग एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचं, त्याला आपल्याकडे सजेशन म्हणतात, मग क्लोज, म्हणजे अगदी जवळून. म्हणजे तेच डायलॉग नट चार-पाच वेळा बोलतो आणि प्रत्येक वेळी चहाचा कप त्याच शब्दाला उचलायला हवा, पदर त्याच खांद्यावर हवा, नाहीतर एडिटला जोडच लागत नाही. माझ्या पहिल्या मालिकेत हळदीकुंकवाचा सीन होता, दोन दिवसांवर पसरलेला. पहिल्या दिवशी सुनेच्या उजव्या हातात हिरव्या काचेच्या नऊ बांगड्या. जेवणाच्या ब्रेकमधे एक फुटली, हेअर दीदीने काचा उचलल्या, मी समोर होते, तरी वहीत लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी आठच बांगड्यांवर तिचे क्लोज झाले. वाण देतानाचा हात अगदी कॅमेऱ्यासमोर. एडिटरने पकडलं, आणि तेवढ्यासाठी पुन्हा लायटिंग, पुन्हा साडी, पुन्हा ताट मांडणं, पंचवीस माणसांचा दीड तास गेला. डायरेक्टर मला ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "बाळा, फोटो काढायचास ना." तेव्हापासून प्रत्येक शॉटनंतर माझ्या मोबाइलमधे हात, गळा, कपाळ, केस यांचे फोटो असतात, आणि ब्रेकच्या आधी एक, ब्रेकनंतर एक. नव्या असिस्टंटला मी पहिली हीच सवय लावते.

कंटिन्युइटीनंतर कॉस्च्युम, मग शेड्युल, कॉलशीट, आणि चार-पाच वर्षांत फर्स्ट एडी, म्हणजे पहिला असिस्टंट डायरेक्टर. फर्स्ट एडी सुट्टीवर असताना, किंवा बँक संपलीये म्हणजे टेलिकास्टच्या पुढे एपिसोड शिल्लक नाहीत म्हणून दुसरं युनिट लावतात तेव्हा पहिल्यांदा तुम्हाला सीन मिळतो, माझाही असाच मिळाला. नटांनीही हे वाचा, कारण कप कुठल्या शब्दाला उचलला हे स्वतः लक्षात ठेवणारा नवा नट असला की असिस्टंट त्याचं नाव पुढच्या वेळी स्वतःहून सुचवतात.

स्वतःची फिल्म

सिनेमा करायचाय आणि मालिकेत जायचं नाही, तेही चालतं. नागराज मंजुळेंनी आधी "पिस्तुल्या" ही शॉर्टफिल्म केली, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मग "फँड्री". रवी जाधव जाहिरातीच्या जगातून आले आणि २०१० ला "नटरंग" आला. म्हणजे ठरलेला एकच रस्ता नाहीये, पण काहीतरी पूर्ण करून दाखवलेलं लागतं. दहा मिनिटांची फिल्म करा, मोबाइलवर केली तरी चालेल, पण आवाजासाठी साधा कॉलर माइक घ्याच, चित्र थोडं खराब असलं तर लोक बघतात, आवाज खराब असला की बंद करतात. एडिटला डाविंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन पुरतं. स्क्रिप्ट स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन रजिस्टर होते, कोणालाही ऐकवायच्या आधी करा. सिनेमातली गाणी बॅकग्राउंडला लावू नका, फेस्टिवलला अडतं.

परवानगीचं म्हणाल तर, तलावपाळीला आम्ही पाच जण ट्रायपॉड लावून उभे राहिलो आणि वीस मिनिटांत पोलिसांनी उठवलं, ते बरोबरच होतं. महापालिका आणि पोलीस दोन्हीकडे अर्ज करा. येऊरला तर वनखात्याचीही लागते, तो नॅशनल पार्कचा भाग आहे. रेल्वे स्टेशनवर रेल्वेच्या परवानगीशिवाय नाहीच. जमत नसेल तर घरातली, जिन्यातली, गच्चीवरची गोष्ट लिहा. झाली की पुण्याचा पिफ, डॉक्युमेंटरी आणि शॉर्टफिल्मसाठी मुंबईचा मिफ, या फिल्म फेस्टिवल्सना पाठवा आणि स्वतःही जाऊन बसा, पुढचे सोबती तिथे भेटतात.

पैसे आणि कागद

मालिकेत काम केल्यावर पैसे साधारण ९० दिवसांनी येतात. म्हणजे जूनमधे काम केलंत तर सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत हातात काही नाही, आणि तेही टीडीएस कापून. तो टीडीएस इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर तुमच्या पॅनवर दिसतो का ते बघा आणि रिटर्न भरा, उत्पन्न कमी असेल तर परत मिळतो. म्हणून पहिली तीन वर्षं दुसरं काम सोडू नका. ट्युशन, निवेदन, डबिंग, शाळेत नाटक बसवून देणं, लोकांचे व्हिडिओ एडिट करणं, जे वेळ मोकळा ठेवतं असं काहीही. ठाण्या-नवी मुंबईत आईवडिलांचं घर असणं हे या लाइनमधे फार मोठं भांडवल आहे, सांगली-लातूरहून आलेली माझ्याइतकीच चांगली मुलं केवळ भाडं परवडलं नाही म्हणून परत गेलेली मी पाहिलीयेत. त्या घरात राहता म्हणून महिन्याला थोडे का होईना पैसे द्या आणि आईवडिलांना स्पष्ट सांगा की मला एवढा वेळ लागणार आहे.

मोठा रोल लागला तर सही करायच्या आधी कागद घरी आणा, रात्री वाचा. महिन्याला किमान किती दिवसांची गॅरंटी आहे, दुसरीकडे काम करता येईल का, नाटकाच्या प्रयोगांना सोडतील का, रोल संपवायचा झाला तर किती दिवस आधी सांगतील. दर गुरुवारी टीआरपी येतो आणि त्यावर ट्रॅक बदलतात, कालपर्यंत महत्त्वाची असलेली आत्या गावाला निघून जाते आणि परत येत नाही, तेव्हा कागदात काय लिहिलंय तेवढंच तुमच्याकडे उरतं.

माझे एका निर्मात्याकडे सतरा दिवसांचे पैसे बुडाले. मालिका अचानक बंद झाली, ईपी, म्हणजे मालिकेचे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर, दुसरीकडे गेले, नवीन माणूस म्हणाला तुमचे अकराच दिवस दिसतायत, आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं, ना मेसेज ना सही. शेवटी त्या अकराचेही आले नाहीत. घरी सांगायला लाज वाटली होती मला. हे तुमच्या बाबतीत होऊ नये म्हणून एक साधी वही करा. तारीख, मालिकेचं नाव, कोणी बोलावलं, कॉल टाइम, पॅकअप टाइम, ठरलेला रेट, पैसे कधी आले. रेट फोनवर ठरला असेल तर लगेच मेसेज टाका, "दादा, आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे अमुक रुपये पर डे, टीडीएस वेगळा, बरोबर ना?" समोरचा फक्त "हो" म्हणाला तरी पुरतं. पैसे अडकलेच तर सिंटा, किंवा तंत्रज्ञ असाल तर सिनेकामगार संघटनांच्या फेडरेशनखालच्या तुमच्या संघटनेकडे तक्रार करता येते, आणि तिथे पहिला प्रश्न हाच येतो की पुरावा काय.

आणि पहिला दिवस

रात्री दहा-साडेदहाला कॉलशीट येईल, त्यावर लोकेशन आणि वेळ असते, मिळाल्याचं कळवा. घोडबंदरला कॉल असेल तर अर्धा तास हातात ठेवून निघा. बॅगेत स्कीन कलरची स्लिप, सेफ्टी पिना, चार्जर, पाण्याची बाटली, डबा नसला तरी दोन चपात्या, कारण जेवण सेटवर मिळतं पण ब्रेक कधी होईल सांगता येत नाही. गेल्यावर आधी असिस्टंटला भेटा, मग मेकअपला बसा. स्पॉट दादांना नावाने हाक मारा, दिवसभर उन्हात तुमच्यासाठी खुर्ची आणि पाणी तेच आणणार आहेत. सीनचा कागद हातात आला की समोरच्याचे डायलॉगही पाठ करा. तुमचा शॉट नसेल तेव्हा व्हॅनिटीत मोबाइल बघत बसू नका, मॉनिटरच्या मागे जरा लांब उभं राहून बघा, कोणी हाकललं तर बाजूला व्हा आणि नंतर परत या.

पॅकअप झाला की डायरेक्टर आणि कॅमेरावाल्यांना सांगून निघा. बाहेर पडायच्या आधी ईपींना एक मेसेज, "आज माझा दिवस १ झाला, कॉल ७ पॅकअप ८, धन्यवाद." मग रिक्षात बसल्यावर वही काढा आणि पहिली ओळ लिहा.